उसनं नेलेलं जंगल

आमच्या बाबांनी जंगल वाढवलंय असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाघ उभे राहतात. वाघ कसले, डोंबल! चहाच्या ट्रेपेक्षा जरासं मोठं एक चपटं भांडं, त्यात हातभर उंचीची साध्या मेपलची झाडं, आणि खाली मागच्या भिंतीवरून खरवडून आणलेलं शेवाळ. झालं जंगल. जगभर माणसं झाडं वाढावीत म्हणून खपतात, आमचे बाबा ती वाढू नयेत म्हणून खपायचे. पान जरा मोठं आलं की छाट, फांदी जरा लांबली की खूड, मुळं पसरली की काप. एवढं लक्ष त्यांनी आम्हा दोघा भावंडांकडे दिलं असतं तर आम्ही तरी धड वाढलो असतो.

बाबांनी उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवली. शेजारच्या सीटवर बसायचं, आपल्या पायाखाली वेगळा ब्रेक ठेवायचा आणि दुसऱ्यावर ओरडायचं, हा त्यांचा धंदा. निवृत्त झाल्यावर ओरडायला मी उरले. आई गेल्यापासून आम्ही दोघंच राहतो. मी भांडं घासत असले तरी मागून त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो, म्हणजे मी काहीतरी चुकवलंय असं समजायचं.

या जंगलाला त्यांनी रोपं कुठून आणली म्हणता? गटारातून. साध्या मेपलचं बी पंख लावून भिरभिरत कुठेही पडतं. पन्हाळीत, फुटपाथच्या फटीत, कुंपणाच्या खाली, जिथे नको तिथे उगवतं. वसंताच्या तोंडाशी, कळ्या फुटायच्या आत, म्हातारा पिशवी आणि जुना चमचा घेऊन बाहेर पडायचा आणि ओणवा होऊन फटी उकरायचा. शेजारीण मला विचारायची, "वडिलांचं काही हरवलंय का?" मी म्हणायचे, "हो, डोकं."

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या बनवते. त्यामुळे घरात बारीक पकडी, चिमटे आणि तारा असतात. असायच्या, म्हणायला हवं. एकदा एका बाईंच्या कवळीला लावायची तार मला काही केल्या सापडेना. ती मेपलची मुळं भांड्याला आवळून ठेवायला गेली होती. मी बोलले तर वर मलाच ऐकवलं, "त्या बाईला तशीही चावायची घाई नसेल. झाडं हलली तर मुळं धरत नाहीत."

त्यांचं शास्त्र मला ऐकून ऐकून पाठ झालंय. झाडांची संख्या विषम हवी. सगळ्यांत जाड आणि उंच झाड मधोमध नको, जरा बाजूला. बारकी झाडं मागे लावायची, म्हणजे ती लांबवर असल्यासारखी दिसतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सगळीच्या सगळी पानं देठ ठेवून कात्रीने कापून टाकायची, म्हणजे दुसऱ्या खेपेला येणारी पानं लहान येतात. पहिल्यांदा त्यांना ते करताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा गेला कामातून. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, झाडं हिवाळ्यात बाहेर. गॅलरीत, जमिनीवर, भांड्याभोवती गोणपाट गुंडाळून. या झाडांना थंडीत झोपावं लागतं. घरातल्या उबेत ठेवली की ती जागी राहतात, दमतात आणि मरतात.

त्यांनी बोन्सायच्या मंडळातही जाऊन पाहिलं. तिथले अध्यक्ष म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. त्यांनी झाडांकडे चष्म्याच्या वरून पाहिलं आणि म्हणाले, "या जातीची पानं पंज्याएवढी. हिच्यात काही होत नाही. ही झाडं म्हणजे तण." बाबांनी तिथल्या तिथे त्यांना असं काही सुनावलं की मला त्यांना दंडाला धरून बाहेर काढावं लागलं. परत येताना बसमध्येही त्यांचा पाय ब्रेक दाबत होता. आणि मग हट्टाने, वर्षानुवर्षं खुडून, छाटून, त्यांनी त्या तणाची पानं अंगठ्याच्या नखाएवढी करून दाखवली.

त्यांनी करून दाखवली, हे खरं. पण रोज पाणी मी घालत होते. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, कामावरून आल्यावर बूट काढायच्या आधी. त्याबद्दल मला मिळालं काय? "वरून ओतू नकोस, शेवाळ वाहून जातं." "किती वेळ, आटपलं का?" "अगं, झारी अशी धरतात का?" मी मूग गिळून पाणी घालायचे. एक गोष्ट मात्र सांगते, बाबांना कधी सांगितली नाही. ते दुपारी झोपले की मी गॅलरीत खाली बसून हनुवटी भांड्याच्या काठाला टेकवायचे आणि त्या खोडांमधून आत पाहायचे. तिथून ते खरंच जंगल दिसायचं. आत शिरून चालत जावं, कुणी हाक मारली तरी ओ देऊ नये, असं. मला ते फार आवडायचं.

आता आमचे साहेब. म्हणजे माझा धाकटा भाऊ. हा कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. नक्की काय करतो ते त्यालाही एका वाक्यात सांगता येत नाही. याच गावात राहतो, पण आमच्याकडे यायला त्याला वेळ नाही. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने फुलं पाठवली, आणि फुलदाणी आमच्याकडे नाही हे त्याला माहीत नसल्यामुळे ती बादलीत राहिली. एवढं असूनही बाबांच्या तोंडी दिवसातून चार वेळा त्याचं नाव. "तो कामात असतो." "त्याच्यावर जबाबदारी मोठी." मी काय, मी कवळ्या बनवते, त्यात कसली आलीय जबाबदारी.

तर पानं तांबडी व्हायला लागली होती, त्या सुमारास साहेब अचानक उगवले. बाबांनी दाराशीच त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. त्याने चहा घेतला, गॅलरीत डोकावला आणि म्हणाला, "बाबा, हे तुम्ही केलंत? कमाल आहे!" बाबांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. मग साहेब मुद्द्यावर आले. त्यांच्या ऑफिसच्या स्वागतकक्षात म्हणे या वर्षीचा विषय 'जंगल' होता. परदेशातून बडी माणसं येणार होती. "विकत आणलेल्यापेक्षा घरचं असलं की त्याला एक गोष्ट असते. हिवाळाभर द्या, वसंतात आणून देतो."

मी म्हटलं, "हिवाळाभर? आत? अरे, ते मरेल."

"ताई, आमच्याकडे झाडं बघायला स्वतंत्र माणसं आहेत."

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ऐकवतील. अध्यक्षांना ऐकवलं तसं, मला रोज ऐकवतात तसं. बाबा म्हणाले, "ने की. तुझंच आहे."

तुझंच आहे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरीही भांडं उचलून लिफ्टमधून खाली गाडीपर्यंत मीच नेऊन दिलं, कारण साहेबांच्या कोटाला माती लागली असती. गाडीत ठेवता ठेवता मी त्याला स्पष्ट सांगितलं, "हे बघ, पानं गळतील. ती गळायचीच असतात, घाबरू नकोस. पण आत ठेवू नकोस. गच्ची असेल, खिडकीबाहेरचा कट्टा असेल, कुठेही चालेल, पण बाहेर. उबेत नको. कळलं?"

"हो गं बाई, कळलं," असं म्हणत त्याने दार लावून घेतलं.

वर आले तर बाबा गॅलरीतल्या रिकाम्या जागेकडे बघत उभे होते. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं ना ते मरणार म्हणून?" ते म्हणाले, "अगं, तो पहिल्यांदा काहीतरी मागायला आला." मी कधी काही मागितलं नाही, हेच चुकलं माझं.

पुढे थंडी पडल्यावर एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या ऑफिसात गेले. लॅबचा कोट तसाच अंगावर होता, बाहीला प्लास्टर लागलेलं. काचेचा भला मोठा दरवाजा, आत पाऊल टाकलं की भट्टीत शिरल्यासारखं. आणि बरोबर गरम हवा सोडणाऱ्या जाळीच्या वर, दिव्याच्या झोतात, आमचं जंगल. सगळी पानं गळलेली. शेवाळ वाळून टोस्टच्या रंगाचं झालं होतं. स्वागताला बसलेली बाई मला म्हणाली, "ते वाळलंय हो, आम्ही कळवलंय." मी बोट मातीत घातलं. कोरडी ठक्क.

साहेब बाहेर आले ते माझ्या बाहीकडे बघतच. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "ताई, आधी फोन तरी करायचास."

"हे आत्ताच्या आत्ता बाहेर ठेव आणि पाणी घाल. अजून कदाचित वाचेल."

"बाहेर ठेवलं तर लोकांना दिसणार कसं?"

आता या प्रश्नाला काय उत्तर आहे, तुम्हीच सांगा. मी बाटलीतलं पाणी भांड्यात ओतलं, थोडं त्याच्या गुळगुळीत फरशीवर सांडलं, आणि निघून आले. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. जाळी, दिवा, माती, सगळं. "मी जाऊन घेऊन येते," असंही म्हटलं. ते पेपर खाली न करता म्हणाले, "असू दे. त्याचा तिथे मान असतो. तू जाऊन शोभा करू नकोस."

मग ऐन हिवाळ्यात बाबांच्या फोनवर एक फोटो आला. जंगल हिरवंगार! मागे साहेब आणि कोट घातलेली परदेशी मंडळी. बाबांनी तो फोटो जिन्यात भेटेल त्याला दाखवला. मीही पाहिला, मोठा करून पाहिला. सगळी पानं एका मापाची, एका रंगाची. मी म्हटलं, "बाबा, हिवाळ्यात मेपलला पानं?" ते म्हणाले, "ऊब आहे ना तिथे. आली असतील." उन्हाळाभर मला पानापानाचं शास्त्र ऐकवणारा माणूस असं म्हणतो! बोलून काय डोक्यावर मिऱ्या वाटून घ्यायच्या?

बर्फ वितळलं. बाबा पुन्हा फटी उकरायला लागले, आता गुडघा वाकत नाही म्हणून चमचा काठीला बांधून. नवी रोपं आणून त्यांनी प्लास्टिकच्या वाट्यांत लावली आणि त्या वाट्या मी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवल्या. ती एवढी कोवळी की रोज पाणी हवंच, एक दिवस चुकला की माना टाकतात. आणि एका सुट्टीच्या दिवशी साहेब जंगल परत घेऊन आले. ऑफिसचा नवा विषय 'समुद्र' होता, त्यामुळे जंगलाची अडचण झाली होती.

त्याने भांडं टेबलावर ठेवलं. हिरवंगार जंगल. मी जवळ जाऊन एक पान चिमटीत धरलं. ते कापडाचं होतं. देठाच्या जागी सुकलेल्या डिंकाचा थेंब. शेजारचं पान तसंच, त्याच्या शेजारचंही तसंच. सगळ्या झाडांना, फांदीफांदीला, कापडाची पानं चिकटवलेली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"अगं, पानं पडली ना सगळी. आमच्या सजावटवाल्याने लावून दिली. काय बारीक काम आहे बघ! आता खरी आली की ही काढून टाका."

हा माझा भाऊ. मोठ्या हुद्द्यावरचा. मग मी लॅबची पकड आणली आणि बाबांच्या देखत सगळ्यांत जाड झाडाच्या खोडावर तिच्या टोकाने ओरखडा काढला. जिवंत झाडाच्या सालीखाली हिरवं असतं, मेलेल्याच्या सालीखाली लाकडाचा रंग. लाकडाचा रंग होता. दुसऱ्याला ओरखडा काढला, तिसऱ्याला काढला. मागच्या बारक्यांना तर ओरखडाही काढावा लागला नाही, पकड लागताच फांदी कट्कन मोडली.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. मला त्या क्षणी या जगात एकच गोष्ट हवी होती. त्यांनी त्याला सांगावं. ओरडूसुद्धा नये, नुसतं सांगावं, की हे मेलं आणि तुझ्यामुळे मेलं, तुझ्या बहिणीने तुला बजावलं होतं. झारी वाकडी धरली तर मला जेवढं ऐकवतात, त्याच्या अर्धं जरी त्याला ऐकवलं असतं तरी मी भरून पावले असते.

"बाबा," मी म्हटलं, "सांगा याला."

साहेब म्हणाले, "एवढं काय झालं? साधी मेपलच ना? रस्त्यावर उगवतात."

बाबांनी एकदा भांड्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. आता बोलतील, मला वाटलं. आणि बोलले. म्हणाले, "त्याला काय माहीत बिचाऱ्याला. तू त्याला नीट समजावून द्यायला हवं होतंस."

मला! मी साहेबांकडे पाहिलं, की निदान हा तरी म्हणेल, नाही बाबा, ताईने सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे ताई, मनाला लावून घेऊ नकोस. होतात चुका." म्हणजे त्याने मला माफ केलं! वर बिस्किटं खाल्ली, कट्ट्यावरची नवी रोपं पाहिली, बाबांना मिठी मारली, पुढच्या वर्षी समुद्रानंतर पुन्हा काहीतरी लागेल असं सांगितलं आणि गेला. बाबा त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेले, त्या गुडघ्याने.

परत आले तेव्हा मी टेबलाशीच उभी होते. मी म्हटलं, "मी त्याला गाडीत ठेवताना सांगितलं होतं. ऑफिसात जाऊन सांगितलं होतं. तुम्हाला हे माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

ते हळूच खुर्चीत बसले. एक कापडी पान उपटून त्यांनी बोटांत फिरवलं. "तुला बोललो तरी संध्याकाळी तू इथेच असणार," ते म्हणाले. "त्याला बोललो असतो तर तो पुन्हा आला असता का?"

अगदी साधेपणाने म्हणाले हो, हिशोब समजावून सांगावा तसं. वाईट वाटल्याचा मागमूस नाही. एवढी वर्षं मला वाटायचं, माणूस तोंडाचा फटकळ आहे, स्वभाव आहे, चालायचंच. स्वभाव कसला? त्यांना पक्कं ठाऊक होतं कुणाला बोलायचं आणि कुणाला नाही. बाबांनी मला कधी एक चापट मारली नाही, पण त्या दिवशी मारली असती तरी चाललं असतं.

मी खोलीत जाऊन बॅग भरली. लॅबमधल्या मैत्रिणीला फोन केला, ती म्हणाली, ये. दाराशी बूट घालत होते तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले.

"कुठे निघालीस?"

"मैत्रिणीकडे. काही दिवस."

"आणि रोपांना पाणी?" ते म्हणाले. मी केव्हा येणार, का जातेय, काही नाही. रोपांना पाणी! "माझ्या गुडघ्याने त्या खिडकीशी वाकता येत नाही, तुला माहीत आहे."

"त्याला बोलवा," मी म्हटलं. "आता तो येतो ना. त्याला सांगा, रोज येऊन पाणी घाल म्हणून."

मी दार ओढून घेतलं. लिफ्ट खाली गेली होती. मी बॅग ठेवून बटण दाबलं आणि उभी राहिले. आमच्या दाराने आतला आवाज अडत नाही, सगळं ऐकू येतं. आत फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला. म्हातारा खरंच त्याला फोन करतोय म्हटल्यावर मी दाराकडे कान केला. मागा, मी मनात म्हणत होते. एकदा त्याच्याकडे काहीतरी मागा, बाबा. तो नाही म्हणू दे, कळू दे तुम्हाला.

"हं, बाळा, पोचलास का?" बाबांचा आवाज आला. मला इतक्या गोड आवाजात त्यांनी कधी जेवायलाही हाक मारली नव्हती. "नाही, काही काम नाही, सहजच." मग जरा वेळ नुसतं ऐकणं. "रोपं? रोपं मजेत आहेत. नाही रे, तू कशाला धावपळ करतोस. ती आहे ना इथे. आत्ताच पाणी घालतेय."

लिफ्ट आली. मी बॅग उचलली आणि खाली गेले.